पंडिता रमाबाई : कळवळ्याची साक्ष

आपणांस जें अमोल वाटतें तें दुसऱ्यासही लाभावें अशी इच्छा होणें हा मनुष्याचा स्वभावच आहे. ज्याला रानांत गोड पाण्याचा झरा सांपडला तो तहानेल्या वाटसरूस त्याची वाट सांगितल्यावांचून राहत नाहीं. धर्मश्रद्धेचेंही तसेंच आहे. परंतु वाट सांगण्याच्या रीती दोन आहेत. उंच दरडीवर उभें राहून ओरडणें ही एक. वाटसरूजवळ बसून आधीं त्याच्या पायांतील कांटा काढणें ही दुसरी. पहिल्या रीतीनें पुष्कळदां वाटसरू बिचकून दूर जातो. दुसरी रीत चांगली खरी. पण तींतही एक धोका आहे. कांटा काढणारा हात जर पुढें मोबदला मागूं लागला, तर ती दया न राहतां सौदा होतो. हा धोका ओळखून, दयेस सौद्याचें रूप न येऊं देतां आपल्या प्रभूची साक्ष कशी द्यावी, हा प्रश्न ज्यांना आयुष्यभर सोडवावा लागला अशा एका थोर महाराष्ट्रीय स्त्रीचें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्या म्हणजे पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांतील गंगामूळ या ठिकाणीं झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित होते. त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. स्त्रियांना देववाणी शिकवूं नये असा त्या काळचा समज. त्यामुळें शास्त्रीबोवांना विद्वानांच्या सभेपुढें आपल्या कृतीचें समर्थन करावें लागलें. रमाबाईंना संस्कृत शिकविलें तें या मातेनेंच. घरच्या आपत्तींमुळें हें कुटुंब लवकरच तीर्थयात्रेस निघालें. गांवोगांवीं देवळांत पुराणें सांगावीं आणि श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षें चालला. पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. १८७४ सालीं थोड्याच आठवड्यांच्या अंतरानें वडील व आई हीं दोघेंही गेलीं, आणि मागोमाग थोरली बहीणही गेली. राहिलीं तीं रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

हीं दोघें भावंडें अनवाणी पायांनीं हिंदुस्थानच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नसल्यामुळें त्यांनीं वाळूंत थडग्यासारखे खड्डे खणले, आणि मान तेवढी बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. भूक म्हणजे काय, उघडें पडणें म्हणजे काय, दारोदार नकार ऐकणें म्हणजे काय, हें रमाबाई ग्रंथांतून शिकल्या नव्हत्या. पुढील आयुष्यांत त्यांच्या हातून जें कार्य झालें त्याचें मूळ या वाळूच्या खड्ड्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेतली, आणि थक्क होऊन पंडिता व सरस्वती या पदव्या त्यांना दिल्या. परंतु सुख त्यांच्या वांट्यास फार दिवस आलें नाहीं. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १८८१ मध्यें मनोरमा ही कन्या झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारींत कॉलऱ्यानें पतीचें निधन झालें. तेविसाव्या वर्षीं, कडेवर लहान मूल घेऊन, रमाबाई विधवा झाल्या. त्याच वर्षीं त्या पुण्यास आल्या. तेथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें आणि सरकारच्या शिक्षण कमिशनपुढें साक्ष देऊन मुलींसाठीं शिक्षिका व स्त्रियांसाठीं स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकड मांडली.

स्वतः वैद्यक शिकावें या हेतूनें १८८३ सालीं रमाबाई इंग्लंडास गेल्या. ऐकूं कमी येत असल्यामुळें तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ख्रिस्ती धर्मासंबंधीं रमाबाईंनीं आधींच पुष्कळ ऐकलें व वाचलें होतें. बंगाली भाषेंतील लूककृत शुभवर्तमान त्यांना पतीच्या घरींच सांपडलें होतें; पुण्यास नव्या कराराचा अभ्यास झाला होता; नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्यासारख्या विद्वान ख्रिस्ती पंडितांशीं विचारविनिमयही झाला होता. या सर्वांनीं त्यांची बुद्धि जागी झाली. अंतःकरण हललें तें मात्र निराळ्याच एका स्थळीं.

मठांतील भगिनींनीं त्यांना लंडनजवळील फुलहॅम येथील आपला एक आश्रम पाहावयास पाठविलें. ज्या स्त्रियांचें नांव घेण्यासही सभ्य माणसें कचरतात, अशा वाट चुकलेल्या व समाजानें टाकलेल्या स्त्रिया तेथें ठेवीत असत. कुलीन घरांतील भगिनी त्यांची शुश्रूषा करीत, त्यांच्याशीं मायेनें बोलत, त्यांना कामधंदा शिकवीत. हें पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांविषयीं इतका कळवळा कोठून आला, असें त्यांनीं एका भगिनीस विचारलें. तिनें त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. विहिरीवर एकटीच पाणी भरावयास आलेल्या त्या स्त्रीचें सारें पूर्वचरित्र ठाऊक असूनही प्रभूनें तिला झिडकारलें नाहीं. उलट आपणच तिच्याजवळ प्यावयास पाणी मागितलें, आणि मग तिला जीवनाच्या पाण्याविषयीं सांगितलें. त्या क्षणीं रमाबाईंस ख्रिस्ताचें खरें दर्शन झालें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मनोरमेसह त्यांनीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. वादविवादानें जें दार किलकिलें झालें होतें तें दयेनें सताड उघडलें.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनीं आपली विचारशक्ति दुसऱ्याच्या स्वाधीन केली नाहीं. मठांतील भगिनींवर त्यांचें प्रेम होतें, तरी जी गोष्ट आपल्या सदसद्विवेकबुद्धीस पटली नाहीं ती केवळ वडीलधाऱ्यांनीं सांगितली म्हणून त्यांनीं मान्य केली नाहीं. यासंबंधींचा त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून उतरवून दुसऱ्याचें चढवावयास त्या तयार नव्हत्या. त्यांचा शाकाहार व त्यांची पांढरी साडी हीं परदेशांतही सुटलीं नाहींत. स्वतःच्या मनाचें स्वातंत्र्य ज्याला इतकें प्रिय आहे त्यानें दुसऱ्याच्या मनावर बळजोरी करूं नये, हें ओघानेंच येतें. रमाबाईंची या बाबतींतील कसोटी लवकरच लागावयाची होती.

१८८६ सालीं आपल्या आप्त डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभास रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें व ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं. १८८७ च्या डिसेंबरांत बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन हिंदु विधवांच्या शाळेसाठीं दहा वर्षें मदत देण्याचें ठरलें. त्या शाळेत कोणत्याही धर्माचा उपदेश करावयाचा नाहीं, असा नियम होता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें, आणि १८९० च्या अखेरीस तें पुण्यास आलें. न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ सल्लागार होते. सदनांत हिंदु मुलींना आपले जातिधर्म पाळण्याची पूर्ण मोकळीक असे. त्यांचा स्वयंपाकही त्यांच्या रीतीप्रमाणेंच होई.

मग वादळ कशावरून उठलें? रमाबाई पहांटे आपल्या खोलींत मनोरमेसह प्रार्थना करीत व शास्त्र वाचीत. खोलीचें दार त्या लावून घेत नसत. ज्या मुलींचा त्यांच्यावर जीव जडला होता त्या हळूहळू येऊन दाराशीं, मग आंत बसूं लागल्या. रमाबाईंनीं कोणास बोलाविलें नाहीं. पण आलेलीस उठूनही लाविलें नाहीं. ही गोष्ट बाहेर पसरली. वर्तमानपत्रांतून, विशेषतः केसरींतून, कडक टीका झाली. १८९३ सालीं सल्लागारांनीं संस्थेशीं असलेला संबंध सोडला आणि पालकांनीं वीसांहून अधिक मुली काढून नेल्या.

या प्रसंगाचा विचार आमच्या वाचकांनीं शांतपणें करावा अशी आमची विनंति आहे; कारण ज्या शाळांत एका धर्माचे शिक्षक व नाना धर्मांचे विद्यार्थी एकत्र येतात तेथें हा प्रश्न कधींही जुना होत नाहीं. पालकांची भीति खोटी होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या मुलीस दुसरा आश्रय नाहीं, जी दुसऱ्याच्या अन्नावर वाढते, ती आपल्या आश्रयदात्रीच्या मनाविरुद्ध सहसा जात नाहीं; कोणी न सांगतांही ती तिचें अनुकरण करते. म्हणून देणाऱ्यानें घेणाऱ्यापेक्षां दुप्पट जपलें पाहिजे. परंतु रमाबाईंचीही बाजू आहे. मुलींच्या देवपूजेस त्यांनीं मना केली नव्हती. मग ज्या मुलीस आपल्या प्रार्थनेस येऊन बसावेंसें वाटतें तिलाच तेवढी मनाई कां करावी? आणि ज्या श्रद्धेच्या बळावर आपण हें कार्य करतों ती चोरासारखी कडी लावून कां लपवावी? त्यांनीं श्रद्धा लपविली नाहीं, आणि लादलीही नाहीं. या दोहोंमधील वाट केसाइतकी अरुंद आहे. तिच्यावरून चालतांना त्यांच्याविषयीं लोकांचा गैरसमज झाला, जिवलग मित्र दुरावले. तरी त्यांनीं वाट सोडली नाहीं.

त्यांच्या दयेंत सौदा नव्हता याचा एक पुरावा आमच्या वाचकांस परिचयाचा असेल. शारदासदनांत प्रथम आलेली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी ही होय. सुमारें चार वर्षें ती रमाबाईंच्या छायेखालीं राहिली व शिकली. ११ मार्च १८९३ रोजीं तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह झाला, आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. तिनें धर्म बदलला नाहीं. रमाबाईंनीं तिला दिलेली विद्या मात्र वाया गेली नाहीं. कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यास विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें. त्या सर्व खटाटोपांत आनंदीबाईंचा हातभार होता. म्हणजे रमाबाईंनीं लाविलेल्या एका दिव्यावरून, त्यांच्या मंडळीबाहेर, दुसरे किती दिवे लागले पाहा! ज्याला केवळ अनुयायी मोजावयाचे आहेत त्याच्या वहींत गोदूबाईंचें नांव येणार नाहीं. परमेश्वराच्या वहींत अशा नांवांची नोंद होत असेल, असा आमचा विश्वास आहे.

१८९६–९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकतांच रमाबाईंना आपलें बालपण आठवलें. लोकांनीं सल्ला दिला कीं संस्थेजवळ पैसा नाहीं, जागा नाहीं. त्या स्वतः तेथें गेल्या. दुष्काळी छावण्यांत हाडांचे सांपळे झालेलीं मुलें त्यांनीं पाहिलीं. अनाथ मुलींना फसवून नेणाऱ्या दुष्टांच्या टोळ्याही पाहिल्या. सुमारें तीनशें मुलींना त्यांनीं आपल्याबरोबर आणलें. पुण्यांत प्लेगच्या सांथीमुळें त्यांना ठेवतां येईना, तेव्हां पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें संस्थेनें जी शेतजमीन घेतली होती तेथें तंबू व छपरें उभारलीं. हेंच मुक्तिसदन. त्याच प्लेगच्या काळांत आपल्या संस्थेंतील एका मुलीची पुण्याच्या सरकारी प्लेग-रुग्णालयांत झालेली हेळसांड त्यांनीं वर्तमानपत्रांत निर्भयपणें मांडली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहींत. दया जात पाहत नाहीं, त्याप्रमाणें ती राज्यकर्त्यांचीही भीड धरीत नाहीं.

१९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां आणखी शेंकडों मुली केडगांवीं आल्या आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. पहिलें काम उपदेशाचें नव्हतें. डोकीं धुणें, जखमा बांधणें, पातळ पेज थोडी थोडी पाजणें, हें पहिलें काम. मग विहिरी खणणें, भाजीपाला पिकविणें, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग शिकविणें. कोणत्याही मुलीस भिकेचें अन्न खाल्ल्यासारखें वाटूं नये, आपल्या हातांनीं मिळविल्यासारखें वाटावें, हा त्यांतील हेतु. बोस्टनच्या मंडळींशीं ठरलेली दहा वर्षांची मुदत १८९८ सालीं संपल्यावर मुक्तिसदन हें उघडपणें ख्रिस्ती सदन झालें. तेथें ख्रिस्ती शिक्षण मिळे, प्रार्थना चालत, व पुष्कळ मुलींनीं बाप्तिस्माही घेतला. यांत आडपडदा नव्हता. बाहेर एक पाटी व आंत दुसरी, असें रमाबाईंनीं केलें नाहीं.

येथेंही कोणी विचारील कीं ही दया निरपेक्ष होती काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मुक्तिसदनाच्या दुर्लक्षित कोपऱ्यांत सांपडतें. तेथें आंधळ्या मुलींसाठीं शिक्षण होतें. मनोरमाबाई त्यांना बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकवीत. तेथें वृद्ध स्त्रिया होत्या, अपंग होत्या. आणि फुलहॅमची आठवण ठेवून रमाबाईंनीं वाट चुकलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन काढलें होतें. ज्यांच्यापासून संस्थेस ना पैसा, ना मान, ना कीर्ति मिळावयाची, अशांना त्यांनीं पदराखालीं घेतलें. सौदा करणारा मनुष्य असा माल घेत नसतो.

आयुष्याच्या शेवटच्या काळांत रमाबाईंनीं एक मोठें काम हातीं घेतलें. पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर चालू होतेंच; पण खेड्यांतील अडाणी बाईस तें समजण्यास कठीण जाई. जिला संस्कृत वाङ्मय मुखोद्गत, जिनें कलकत्त्याच्या पंडितांस चकित केलें, त्या विदुषीनें आपलें पांडित्य बाजूस ठेविलें. इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून तिनें सामान्य स्त्रियांच्या बोलींत संपूर्ण शास्त्र उतरविण्यास आरंभ केला. छापण्याचें काम मुक्तिसदनांतील स्त्रियाच करीत. नवा करार १९१३ सालीं बाहेर पडला. संपूर्ण शास्त्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. आपल्या विद्येची उंची दाखविण्यासाठीं कठीण शब्द वापरणें सोपें असतें. ऐकणाऱ्याच्या पायरीवर उतरून बोलणें ही देखील एक प्रकारची दयाच आहे.

२४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाईंचें निधन झालें. वृद्ध मातेनें हा घाव सोसला व भाषांतराचें काम पुढें चालविलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंची प्राणज्योत मालवली. त्यांची संस्था केडगांवीं आजही निराधार स्त्रिया व मुलें यांची सेवा करीत आहे. १९८९ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं जे ख्रिस्ती आहेत त्यांस आम्ही सांगूं कीं आपली श्रद्धा लपवूं नका. पण ती सांगण्यापूर्वीं शेजाऱ्याचें दुःख विचारा, आणि त्यानें तुमची श्रद्धा स्वीकारली नाहीं तरी तुमच्या मैत्रींत तिळभर उणेपणा येऊं देऊं नका. जे अन्य धर्मांचे आहेत त्यांसही आम्ही हेंच सांगूं. कारण प्रत्येकास आपली श्रद्धा प्रिय असते, आणि ती दुसऱ्यापुढें कशी ठेवावी हा प्रश्न सर्वांचाच आहे. वर्गांत एखादा मुलगा डबा न आणतां आला, एखादी मुलगी आजारी पडून अभ्यासांत मागें राहिली, तर त्या वेळीं तुम्ही काय करतां, यांतच तुमचा धर्म लोकांना वाचावयास मिळतो. रमाबाईंनीं तो फुलहॅमला वाचला, आणि केडगांवीं हजारों मुलींना वाचावयास दिला. पालकांस आमची विनंति एवढीच कीं घरीं मुलांना हें चरित्र वाचून दाखवावें, आणि शारदासदनाच्या त्या न लावलेल्या दाराविषयीं त्यांच्याशीं बोलावें. तें दार कोणास आंत ओढीत नव्हतें, आणि कोणास बाहेर लोटीतही नव्हतें.